आंगऱ्यांची गुराब : तिची घडण व तिची चाकरी

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मराठी आरमाराविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले; परंतु त्यात जलदुर्ग आणि सरखेल यांस जितकी जागा मिळाली तितकी खुद्द जहाजांस मिळाली नाही. परिणाम असा की, १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंगऱ्यांचे आरमार एका दिवसात जळाले, तेव्हा गुराब हे जहाजच मुळात कुचकामी असले पाहिजे, असा ग्रह रूढ झाला. हा ग्रह आम्हांस मान्य नाही. त्याची कारणे पुढे देतो.

‘गुराब’ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ कावळा. तिची घडण ऑर्म या इंग्रज ग्रंथकाराने बारकाईने नोंदविली आहे. बहुतेक गुराबांस दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची गुराब दीडशे टनांच्या आतली, तीन काठ्यांची सुमारे तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंदी फार, म्हणून पाणी थोडे लागे आणि आमच्या उथळ खाड्यांत ती सहज शिरे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि शेवटी लांब चोच पुढे निघे. समोरच्या लाटेत असे जहाज नाक खुपशी. म्हणून त्या चोचीवरील तक्तपोशीस कठडा न घालता ती उघडीच ठेवीत, की वर आलेले पाणी दोहों अंगांनी निथळून जावे. ज्या सुताराने हे योजिले तो दर्या जाणणारा होता, यात शंका नाही. नऊ किंवा बारा रत्तली गोळ्याच्या दोन तोफा चोचीवरून नीट समोर मारा करीत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ रत्तली असत.

तोफांची तोंडे पुढे, यातच तिच्या युद्धाची सारी रीत आली. शत्रूचे जहाज दिसताच आठ-दहा गुराबा व चाळीस-पन्नास गलबते बंदरातून सुटत. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांस ओढून नेत. शत्रूची पिछाडी धरून, त्याच्या बाजूच्या तोफांचे तोंड टाळून, आधी डोलकाठ्या पाडावयाच्या. जहाज पांगळे झाले म्हणजे गलबतांतील माणसांनी तरवारी घेऊन चढावयाचे. १७५४ साली तुळाजीने ५०, ३६ व १८ तोफांची तीन डच जहाजे गाठली. दोन मोठी जाळली, तिसरे धरले. कुचकामी लाकडाने हे होत नाही.

१७५५ साली कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्गावर चाल केली तेव्हा तेथील आंगऱ्यांचे आरमार दक्षिणेकडे निघाले. वारा मंद. खलाशांनी अवजड सामान समुद्रात टाकले आणि पागोटी व अंगावरचे कपडेसुद्धा शिडांसारखे पसरले. जेम्सच्या हाती ते लागले नाही. यास पळ म्हणावयाचे तर म्हणा. जहाजे मात्र वाचली.

मग विजयदुर्गास काय झाले? तेथे ॲडमिरल वॉटसनची मोठी लढाऊ जहाजे खाडीत शिरली, आणि गुराबा किल्ल्याच्या आश्रयास दाटीने एकत्र होत्या. पूर्वी आंगऱ्यांनीच धरलेल्या ‘रेस्टोरेशन’ या इंग्रजी जहाजावर गोळा पडून आग लागली व ती सर्वांस भिडली. जिचा सारा जीव मोकळ्या पाण्यात पाठलाग करण्यात, तिला बांधून ठेविल्यावर तिची घडण काय करणार? दोष योजनेचा होता. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली ही गोष्ट वेगळी. तिचा निवाडा येथे करीत नाही, परंतु ती विसरताही येत नाही.

शिवाय गुराबेची चाकरी तेथे संपलीच नाही. पेशव्यांचे आरमार विजयदुर्गासच राहिले, आणि एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज लढून धरले. सालबाईचा तह त्यापूर्वीच झाला होता, हे खरे. परंतु जहाजाच्या कसोटीस तहाची बाधा येत नाही.

युद्धनौकेचे आयुष्य तिच्या लाकडालोखंडापेक्षा डागडुजीवर अधिक अवलंबून असते. आपली विमानवाहू ‘विक्रांत’ पाहावी. तिचे काम १९४३ साली इंग्लंडात सुरू झाले ते चालू युद्धाच्या घाईसाठी, व्यापारी जहाजाच्या धर्तीवर. तरी १९६१ पासून १९९७ पर्यंत ती आपल्या चाकरीत राहिली, आणि २०१४ साली मुंबईस मोडली गेली. गुराबांसाठी ही डागडुजी वाघोटन खाडीवरील गोदीत होई. जांभा कोरून केलेली, सुमारे साडेतीनशे फूट लांबीची ही गोदी पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होती. १९८१ पासून ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. तेथे सागवान किती आला, तेल, राळ व काथ्या कोणत्या भावाने घेतला, सुतारांस रोज काय पडला, हे कळल्यावाचून गुराबेचा इतिहास अर्धाच राहील. असे हिशेबी कागद बखरींइतके देखणे नसतात, म्हणून रुमालाच्या तळाशी पडून राहतात. ज्यांच्या संग्रही आरमारी खर्चाचे तुकडे, मग ते वाळवीने खाल्लेले का असेनात, असतील त्यांनी त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्यात.