तळटीप : ‘व्हॉल्यूमप्रो ५००’

* व्हॉल्यूमप्रो ५०० : सीटी किंवा एमआरआयने टिपलेले शरीराचे काप एकावर एक रचले की त्रिमिती ठोकळा तयार होतो, त्याच्या सूक्ष्म घटकाला व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक बाजूस २५६ व्हॉक्सेल धरले तरी एकूण संख्या सुमारे १ कोटी ६८ लाख होते. ठोकळा पडद्यावर न अडखळता फिरवायचा, तर सेकंदाला ३० चित्रे, म्हणजेच सुमारे ५० कोटी नमुने हिशेबात घ्यावे लागतात. १९९९ च्या सुमारास पीसीच्या प्रोसेसरला हे झेपत नसे. अमेरिकेतील स्टोनी ब्रूक विद्यापीठात विकसित झालेल्या ‘क्यूब-४’ रचनेच्या आधारे मित्सुबिशी इलेक्ट्रिकने १९९९ मध्ये पीसीत बसणारे हे कार्ड आणले. त्याच्या एकाच चिपवर १२५ मेगाहर्ट्झ वेगाने चालणारे चार समान प्रक्रियामार्ग होते. नमुना काढणे, रंग व पारदर्शकता ठरवणे, छायाप्रकाश देणे आणि सारे मिसळणे हे टप्पे प्रत्येक मार्गात एकामागोमाग पार पडत. खरी अडचण मेमरीची होती. म्हणून व्हॉक्सेलांचे शेजारशेजारचे छोटे गट निरनिराळ्या मेमरी-चिपांत विखरून ठेवले, जेणेकरून ते एकाच वेळी वाचता यावेत. आज हेच काम ग्राफिक्स प्रोसेसरचे शेकडो-हजारो गाभे करतात. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचा हिशेब स्वतंत्र असल्याने ते वाटून घेता येते. पारदर्शकता बदलताच त्वचा विरून कवटी दिसते, आणि रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियेआधीच सर्व बाजूंनी पाहता येते. रुग्णाच्या दृष्टीने या वेगाचे मोल फार मोठे आहे. — संपादक