तीन चाकांची वाटचाल

बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली मुंबईच्या गोरेगावात सुरू झाली. ती उभी करणारे नवलमल फिरोदिया नगरचे. पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. जर्मनीतल्या विडाल अँड झोन या कंपनीशी सहकार्य करून त्यांनी हॅन्सीट ही तीनचाकी मालगाडी इथे बनवायला घेतली. १९६४ साली आकुर्डीचा कारखाना उभा राहिला आणि ही गाडी पुण्याची झाली.

त्या काळी मोठा ट्रक घेणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. हातगाडी आणि ट्रक यांच्या मधे परवडेल असं फारसं काही नव्हतं. ही मधली जागा हॅन्सीटने भरून काढली, आणि माझ्या मते या कंपनीचं सर्वांत मोठं काम तेच. पेठांमधला हातगाडीवाला कर्ज काढून गाडीमालक होऊ शकला. आमचे आजोबा त्यांतलेच एक.

भवानी पेठेतून गूळ, भुसार, लाकूड, मिळेल तो माल ते नेत. इंजिन पुढे, त्या एकुलत्या चाकापाशी, आणि गाडी ओढायचंही त्याच चाकाने. बोळात ती जागच्या जागी वळे, हे सुख मोठंच. पण हौद्यात मागे जास्त वजन पडलं की पुढचं चाक हलकं होई. सासवडला किराणा घेऊन जाताना दिवे घाटाच्या चढाला ते नुसतं गरगर फिरे; मग क्लीनर पुढे नाकाडावर जाऊन बसे आणि गाडी पुन्हा जमीन धरी. म्हणून फाळका लावण्यापूर्वी आजोबा हमालांना जड पोती केबिनच्या पाठीशी रचायला लावत. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं काम मात्र त्यांनी कुणावर सोडलं नाही. माप चुकलं की टू-स्ट्रोक इंजिन धूर ओके, नाहीतर जाम होई. खेपांचा हिशेब आजीकडे. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून झाली, की आजीची हिशेबाची वहीही पूजेला.

१९६८ साली डिझेलवरची हॅन्सीट आली, पाठोपाठ १९६९ साली चारचाकी मॅटाडोर. आमच्या घरात मॅटाडोर वडिलांच्या काळात आली. घाऊक भाजीबाजार मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, खेपा लांबल्या, आणि तीन चाकांवर भागेना. तरी आजोबांनी हॅन्सीट विकू दिली नाही. मॅटाडोर पुढे मालाइतकीच माणसंही वाहू लागली: वऱ्हाडं, शाळेची मुलं, रुग्ण. कंपनीही वाढत गेली. मध्य प्रदेशात पीथमपूरला कारखाना झाला, ट्रॅव्हलर आली, आणि १९९७ पासून मर्सिडीजच्या भारतातल्या गाड्यांची इंजिनं कंपनीत जोडली जाऊ लागली. २००० साली हॅन्सीटचं उत्पादन थांबलं. २००५ साली बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली.

कंपनीचा इतिहास कंपनी लिहील. गाडीवर पोट भरलेल्या घरांचा इतिहास त्या घरांनीच जपायला हवा. ज्यांच्या वाड्यामागे किंवा शेडमध्ये अजून एखादी हॅन्सीट गंजत उभी असेल, त्यांनी ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी थोडं थांबावं. तिचे फोटो काढावेत, आरसी बुक आणि हिशेबाच्या वह्या सांभाळून ठेवाव्यात, आणि ती चालवणारे वडीलधारे हयात असतील तर त्यांच्याकडून सगळं लिहून घ्यावं.