बायकांची बँक

भगिनींनो, बँक म्हणजे पुरुषांचे ठिकाण, अशी समजूत पूर्वापार चालत आली. पैसे मोजायला पुरुष, खातेवही लिहायला पुरुष, साहेब तर पुरुषच. बाई आलीच तर बहुधा अंगठा उठविण्यापुरती. स्टेट बँकेचे मूळ १८०६ सालचे. पण तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, श्रीमती अरुंधती भट्टाचार्य, बसली ती २०१३ साली!

मला मात्र अधिक कौतुक वाटते ते सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या बायकांचे. तेथे श्रीमती चेतना सिन्हा यांनी गरीब बायकांची बँक काढण्याचे योजिले. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. कारण काय, तर सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही. त्या बायका अक्षरे गिरवायला बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनीही यंत्रावाचून सांगावे, असे त्यांनी बजावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. रोवणीची मजुरी आणि धानाच्या पायल्या तोंडी हिशेबाने जुळविणाऱ्या आपल्या एकोडीच्या बायकांना यात नवल वाटू नये.

पुढची अडचण घरातच निघाली. पासबुक घरी नेले की नवरा शिल्लक पाहतो आणि पैसे मागतो. म्हणून बायका म्हणाल्या, पासबुक नकोच. तेव्हा बँकेने त्यांना कार्ड दिले. त्यावर रक्कम दिसत नाही. ही युक्ती पुरुष साहेबाला सुचली असती का, मला शंका आहे.

आपल्यापैकी कितीजणी अजून तांदळाच्या डब्यात पैसे ठेवतात, ते येथे लिहीत नाही. ही स्मरणिका घरची पुरुषमंडळीही वाचतील.