गंगा थोडी स्वच्छ झाली, मग जाजमऊच्या शेतांचे काय?

चामड्याच्या चपलेच्या पट्ट्याखालीच खाज येते, पुरळ उठते, अशी तक्रार तुमच्यापैकी काहींनी केली असेल. अनेकदा ती क्रोमियमची ॲलर्जी असते. झाडाच्या सालीने कातडी कमवायला आठवडे लागत; क्रोमियमच्या क्षाराने ते काम एक-दोन दिवसांत होते. पण सगळे क्रोमियम कातड्यात मुरत नाही, उरलेले सांडपाण्यात जाते.

कानपूरच्या जाजमऊ भागात शेकडो टॅनऱ्यांचे असे पाणी थेट गंगेत जाई. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये आदेश दिला: प्राथमिक शुद्धीकरण करा, नाहीतर कारखाना बंद. रोजगार बुडेल हे न्यायालयाला दिसत होते. तरी लोकांचे जीवन आणि आरोग्य त्याहून मोठे मानले गेले. मला स्वतःला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

पुढे नेदरलँड्सच्या मदतीने १९९४ मध्ये सामाईक शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. क्षमता रोज ३ कोटी ६० लाख लिटर, त्यातले ९० लाख टॅनऱ्यांचे, बाकी शहराचे मैलापाणी. नदीत स्नान करणाऱ्यांचा फायदा उघड होता. पण शुद्ध केलेले पाणी गेले कुठे? कालव्याने आसपासच्या गावांच्या शेतात.

गोम अशी की हे केंद्र मुख्यतः सेंद्रिय घाणीसाठी बांधलेले. क्रोमियम टॅनरीतच वेगळे काढून घ्यायचे होते, ते सगळीकडे झाले नाही. पूर्वी नुसत्या मैलापाण्यावर गुलाब आणि भाजीपाला घेणारे शेतकरी आता पिके खालावल्याचे, त्वचेला चट्टे पडल्याचे सांगू लागले. म्हणजे नदीचा भार काही अंशी त्यांच्या बांधावर आला, आणि त्यांना कुणी विचारलेही नव्हते.

डॉक्टर म्हणून एवढे सांगतो. क्रोमियमचे दोन मुख्य प्रकार आहेत. कातडी कमावताना वापरतात ते त्रिसंयुजी, तुलनेने सौम्य. षट्संयुजी मात्र घातक: त्याने त्वचेवर जखमा होतात, नाकाच्या पडद्याला भोक पडू शकते, श्वासातून वर्षानुवर्षे गेल्यास फुफ्फुसाचा कर्करोग होतो. पाणी उकळून दोन्हींपैकी एकही जात नाही. अशा कारखान्यांजवळ राहत असाल, तर विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि क्रोमियमची चाचणी वेगळी मागा. नेहमीच्या जंतूंच्या तपासणीत ते दिसत नाही.