गार भात
आमचा गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. घरी दोन्ही वेळा भात, पण प्रवासात आई पोळ्याच बांधून द्यायची. "गार भात कडक होते बाबू, खाववत नाही."

मागे कंपनीच्या कामानं काही महिने टोकियोत एकटाच होतो. रविवारी नकाशा घेऊन भटकायचो. सोबत घरी केलेला बेंतो, म्हणजे जपानी डबा: भाताचे दोन गोळे, आत उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ. दुपारी उघडला तर भात मऊच! त्या तांदळात अमायलोज कमी असतं, म्हणून तो गार झाला तरी लवकर कडक होत नाही.

स्टेशनवर विकलेला पहिला बेंतो १८८५चा, उत्सुनोमियाचा, असं मानतात. त्यातही हेच गोळे, बांबूच्या पानात. त्याच दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे आमच्या भागातून गेली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं ती पुढे ब्रॉडगेज केली. आमचा तांदूळ मालगाडीनं गावोगाव गेला. प्रवाशाच्या डब्यात मात्र पोळीच राहिली.

हे सगळं आईला फोनवर उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "भात मऊ राहते ते ठीक. पण जेवाले सोबत कोण असते?"

मी विषय बदलला. असो.