सत्तेला घातलेली शर्त : इराणची मशरूता चळवळ आणि एक अपुरा राहिलेला वाद

इस्लाम आणि लोकशाही यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. हमीद दलवाई, अ. भि. शहा, नरहर कुरुंदकर यांच्या लेखनामुळे तो आपल्या वैचारिक वाङ्मयात पक्का रुजला. तरीही त्याची चर्चा निघाली की दोन ठरावीक उत्तरे पुढे येतात. कुराणात 'शूरा'चा, म्हणजे सल्लामसलतीचा, आदेश आहे, तेव्हा इस्लाम मुळातच लोकशाहीवादी आहे, हे पहिले उत्तर. जिथे कायदा ईश्वराने दिला आहे तिथे माणसांनी कायदे करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, तेव्हा मेळ अशक्य आहे, हे दुसरे. ही उत्तरे परस्परविरोधी असली तरी त्यांची रीत एकच आहे. दोन्ही उत्तरे धर्मग्रंथाला साक्षीला बोलावतात आणि इतिहासाला दाराबाहेर उभे करतात. एका मुस्लिम समाजात, मुस्लिम धर्मशास्त्र्यांनी, याच प्रश्नावर जीव पणाला लावून वाद घातला होता, याची नोंद दोन्हींकडे क्वचितच असते. तो वाद इराणात १९०५ ते १९११ या काळात झाला. त्याकडे जरा तपशिलाने पाहावे, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

या चळवळीला इराणी लोक 'मशरूता' म्हणतात. हा शब्द 'शर्त' या अरबी शब्दाशी जोडला जातो. मशरूता राजवट म्हणजे शर्तीने बांधलेली राजवट. तिच्या उलट 'इस्तिब्दाद', म्हणजे मनमानी. भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गंमत जाणवेल. या वादातले कितीतरी शब्द आपल्या बखरींतून, दफ्तरांतून आणि रोजच्या बोलण्यातून ओळखीचे आहेत : शर्त, हक्क, अदालत, रयत, मजलीस, वक्फ. फारसीत लोकप्रतिनिधीला 'वकील' म्हणत. राज्यकारभाराची ही परिभाषा आपल्याकडेही फारसीतूनच आली. मात्र 'रयत' या शब्दाला हक्क मागण्याचे बळ कसे आले, ही कथा तेहरानच्या बाजारात सुरू होते.

डिसेंबर १९०५ मध्ये तेहरानच्या सुभेदाराने साखरेचे भाव चढवल्याच्या आरोपावरून काही व्यापाऱ्यांना तळपायांवर फटके मारण्याची शिक्षा दिली. बाजार बंद झाला. व्यापारी, धर्मगुरू आणि विद्यार्थी तेहरानजवळच्या शाह अब्दुल अझीम दर्ग्यात आश्रयाला जाऊन बसले. राजसत्तेचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी आश्रय घेऊन दाद मागण्याची ही जुनी इराणी प्रथा. तिला 'बस्त' म्हणत. त्यांची मागणी संसदेची नव्हती, 'अदालतखान्या'ची होती. शहाने आश्वासन दिले, पण पाळले नाही. १९०६ च्या उन्हाळ्यात पुन्हा बस्त सुरू झाले. धर्मगुरू कुम शहराकडे निघून गेले आणि बारा हजारांहून अधिक लोकांनी तेहरानमधील ब्रिटिश वकिलातीच्या बागेत तळ ठोकला. या मुक्कामात अदालतखान्याची मागणी मजलिसीच्या मागणीत बदलली. ५ ऑगस्ट १९०६ रोजी मुजफ्फरुद्दीन शहाने फर्मान काढले, ऑक्टोबरात मजलीस भरली आणि ३० डिसेंबरला मरणासन्न शहाने राज्यघटनेवर सही केली. सय्यद अब्दुल्ला बेहबहानी आणि सय्यद मुहम्मद तबातबाई हे दोन ज्येष्ठ धर्मगुरू चळवळीच्या अग्रभागी होते. कुमला गेलेल्यांत तिसरे एक मोठे नाव होते : शेख फजलुल्ला नूरी.

खरा पेच पुढच्या वर्षी पडला. मूळ घटना त्रोटक होती, म्हणून बेल्जियमची १८३१ ची घटना समोर ठेवून पुरवणी कायदा तयार होऊ लागला. त्यात नागरिकांचे हक्क आले आणि मशरूता म्हणजे नेमके काय, हे सर्वांना पहिल्यांदाच उमगले. ऑक्टोबर १९०७ मध्ये मंजूर झालेल्या या पुरवणीतील दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. नूरी यांच्या आग्रहातून आलेले दुसरे कलम सांगते की मजलिसीचा कोणताही कायदा इस्लामच्या नियमांविरुद्ध असता कामा नये आणि ते तपासण्यासाठी किमान पाच मुज्तहिदांची, म्हणजे अधिकारी धर्मशास्त्र्यांची, समिती असेल. आठवे कलम सांगते की इराणचे सर्व रहिवासी 'दौलती कायद्या'पुढे समान आहेत. 'दौलती', म्हणजे सरकारी, हे विशेषण सहज पडलेले नाही. शरियतचा कायदा निराळा आणि सरकारचा निराळा, आणि समता दुसऱ्यापुरतीच, अशी पळवाट त्या एका शब्दात ठेवलेली आहे. तडजोडीचे ओझे कधी कधी एखाद्या विशेषणावर येऊन पडते, ते असे.

नूरी यांचे तरीही समाधान झाले नाही. त्यांना 'मशरूआ', म्हणजे शरियतला धरून असलेली, मशरूता हवी होती. पुढे त्यांनी मशरूता निषिद्धच ठरवली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : ईश्वरी कायदा पूर्ण आहे, तेव्हा बहुमताने कायदा करणे ही धर्मात घातलेली नवी भर आहे. इस्लामी धर्मशास्त्र मुसलमान आणि अमुसलमान, पती आणि पत्नी, स्वतंत्र आणि गुलाम यांच्यात भेद करते, तेव्हा समता धर्माशी विसंगत आहे. लेखणीचे आणि जिभेचे स्वातंत्र्य म्हणजे पाखंडाला मोकळे रान. नूरी यांना अडाणी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ते आपल्या काळातले तेहरानमधले अत्यंत विद्वान धर्मशास्त्री होते.

त्यांना उत्तर आले ते नजफहून. इराकातील या विद्यानगरीत आखुंद खुरासानी आणि त्यांचे सहकारी मशरूतेच्या पाठीशी उभे होते आणि कोलकात्याहून निघणारे 'हब्ल अल-मतीन' हे फारसी वृत्तपत्र तेथवर पोहोचत होते. त्याच वर्तुळातील मिर्झा मुहम्मद हुसेन नाईनी यांनी १९०९ मध्ये 'तंबीह अल-उम्मा व तन्झीह अल-मिल्ला' हा ग्रंथ लिहिला. (आपली 'तंबी' ती हीच, येथे मात्र तिचा अर्थ 'जागे करणे' असा घ्यायचा.) नाईनी यांचा विचार शिया सिद्धांतातूनच निघतो. बारावा इमाम अदृश्य आहे. तो प्रकट होईपर्यंत पृथ्वीवरचे प्रत्येक राज्य कमीअधिक प्रमाणात बळकावलेलेच असते. मग प्रश्न उरतो तो अन्याय कमी करण्याचा. त्यासाठी ते वक्फचा दाखला देतात. वक्फची मालमत्ता कोणी बळकावली आणि त्याला हाकलता येत नसेल, तर निदान ती उधळली जाऊ नये म्हणून त्याच्यावर देखरेख बसवणे हे धर्मकर्तव्यच ठरते. मजलीस ही ती देखरेख. राज्य ही राजाच्या मालकीची वस्तू नव्हे, ती त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे. बहुमताच्या समर्थनार्थ ते उहुदच्या लढाईचा (इ.स. ६२५) प्रसंग सांगतात. पैगंबरांचे स्वतःचे मत मदीनेत राहून लढावे असे होते, तरी त्यांनी बाहेर पडण्याचा बहुसंख्यांचा कौल मानला.

या ग्रंथातील सर्वांत धाडसी भाग पुढेच आहे. मनमानी दोन प्रकारची असते, राजकीय आणि धार्मिक. धर्माचा वेष घेतलेली मनमानी राजकीय मनमानीला बळ पुरवते आणि तिच्यावरचा इलाज अधिक अवघड असतो, असे नाईनी म्हणतात. हे एका मुज्तहिदाने आपल्याच वर्गाविषयी लिहिले आहे.

नूरी आणि नाईनी दोघेही सामर्रा येथील मिर्झा हसन शिराझी यांचे शिष्य होते. हे तेच शिराझी, ज्यांच्या नावाने निघालेल्या फतव्याने १८९१ मध्ये तंबाखूचा मक्ता ब्रिटिशांच्या हातून सोडवला. गुरू एक, ग्रंथ तेच, तर्कशास्त्र तेच, आणि निष्कर्ष मात्र विरुद्ध टोकांचे. 'इस्लाम काय म्हणतो' या प्रश्नाला एकच उत्तर असते, असे मानणाऱ्या दोन्ही पक्षांना ही साधी वस्तुस्थिती अडचणीत टाकते.

पण येथे थांबून नाईनी यांच्या विजयाचा डंका वाजवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. समतेच्या प्रश्नावर नूरी यांची नजर अधिक स्वच्छ होती. परंपरागत धर्मशास्त्र आणि नागरिकांची समता यांच्यात खरोखरच विरोध आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि धर्मशास्त्र निवडले. नाईनी यांनी तो विरोध टाळला. समता म्हणजे जो नियम ज्याला लागू आहे तो त्याला भेदभाव न करता लावणे, इतकाच अर्थ त्यांनी घेतला, म्हणजे नियमांतच असलेले भेद जिथल्या तिथे राहिले. स्वातंत्र्य म्हणजे राजाच्या गुलामीतून सुटका, धर्माच्या बंधनातून नव्हे. सत्तेला शर्त घालण्याचे धार्मिक समर्थन त्यांनी समर्थपणे उभे केले, पण व्यक्तीचा हक्क मात्र उघड्यावरच राहिला.

तो कोणासाठी उघड्यावर राहिला, हेही पाहायला हवे. इराणातील जरथुष्ट्री समाजाला हे प्रश्न पुस्तकी नव्हते. त्यांच्यावरचा जिझिया १८८२ मध्ये रद्द झाला तो मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातारिया यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर. पहिल्या मजलिसीत त्यांचा एक प्रतिनिधी, अरबाब जमशेद, बसला, ही मोठीच झेप होती. स्त्रियांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. निवडणूक कायद्याने त्यांना मताधिकार नाकारला होता. ऑगस्ट १९११ मध्ये वकील अल-रुआया नावाच्या सभासदाने मजलिसीत त्यांच्या मताधिकाराचा विषय काढला. त्याला विरोध केला सय्यद हसन मुदर्रिस यांनी, म्हणजे त्याच दुसऱ्या कलमानुसार मजलिसीत आलेल्या एका मुज्तहिदाने. इराणी स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९६३ मध्ये, तोही एका एकाधिकारी शहाच्या हातून.

मशरूतेचा शेवट मात्र धर्मशास्त्राने केला नाही. जून १९०८ मध्ये नवा शहा मुहम्मद अली याने रशियन अधिकारी लियाखोव्ह याच्या हाताखालील कझाक पथकाकरवी मजलिसीवर तोफा डागल्या. तबरीझने सत्तार खानाच्या नेतृत्वाखाली महिनोन्‌महिने वेढा सोसला. जुलै १९०९ मध्ये मशरूतावाद्यांनी तेहरान जिंकले, शहाला पदच्युत केले आणि ३१ जुलैला नूरी यांना भर चौकात फाशी दिले. खटल्यात त्यांच्यावर आरोप ठेवणारा शेख इब्राहिम झंजानी हाही धर्मगुरूच होता. मतासाठी माणूस फासावर चढवून स्वातंत्र्याने आपल्या पायावरच घाव घातला, असे आम्हांला वाटते. वर्षभरात बेहबहानीही मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. इकडे ब्रिटन आणि रशिया यांनी १९०७ च्या करारात इराणची प्रभावक्षेत्रांत वाटणी करून टाकलीच होती. अमेरिकन खजिनदार मॉर्गन शूस्टर याला काढून टाका, असा निर्वाणीचा खलिता रशियाने दिला. मजलिसीने तो फेटाळला आणि डिसेंबर १९११ मध्ये रशियन फौजांच्या छायेत तिचे दरवाजे बंद करण्यात आले. इराणात लोकशाही का रुजली नाही, याचे उत्तर केवळ कुराणात शोधणाऱ्यांनी सेंट पीटर्सबर्ग आणि लंडन येथील कागदपत्रेही चाळावीत.

वाद मात्र संपला नाही. मुसद्दिक यांचे सरकार १९५३ मध्ये उलथवले गेल्यावर, १९५५ साली, महमूद तालेकानी यांनी नाईनी यांचा ग्रंथ स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापला. त्याच नजफमध्ये १९७० साली खोमेनी यांनी व्याख्याने देऊन धर्मशास्त्र्याच्या हाती राज्य सोपवणारा सिद्धांत मांडला. १९७९ च्या घटनेने बारा जणांचे पालक मंडळ निर्माण केले. नूरी यांची पाच मुज्तहिदांची समितीच जणू विस्तारून आणि दात लावून परतली. तेहरानमधील एका द्रुतगती महामार्गाला नूरी यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी हिचा कोठडीत असताना मृत्यू झाला आणि इराणी स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९०७ मध्ये 'दौलती' या विशेषणाआड दडवलेला प्रश्नच चौकात येऊन उभा राहिला.

या इतिहासातून आम्हांला एवढेच दिसते की मूळ प्रश्नाचे दोन वेगळे प्रश्न करायला हवेत. सत्तेला शर्त घालता येते का? याला इस्लामी परंपरेच्या आतून 'होय' हे उत्तर शतकापूर्वीच मिळाले आहे, तेही तिच्या सर्वांत कर्मठ विद्यापीठातून. दुसरा प्रश्न असा : श्रद्धावान होण्याच्या आधी माणूस नागरिक असतो का; पाखंड्याला, परधर्मीयाला आणि स्त्रीला त्यांचा हक्क कोणाच्या दयेवाचून मिळतो का? येथे नाईनी थबकले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याशिवाय टिकत नाही, कारण राजाला घातलेली शर्त शास्त्र्याला घालायची राहून गेली, तर मनमानी फक्त वेष बदलते. धार्मिक मनमानीवरचा इलाज अवघड असल्याचे नाईनी यांनी लिहून ठेवले होते. तो इलाज व्यक्तीच्या हक्कातच आहे, हे लिहायचे मात्र राहून गेले.