प्रत्यारोपणानंतरचे आतडे आणि खाटेपाशी होणारी सोनोग्राफी

मूलपेशी प्रत्यारोपणानंतर रुग्णाला जुलाब आणि पोटदुखी सुरू झाली की प्रामुख्याने तीन शक्यता समोर येतात: केमोथेरपीने झालेली इजा, जंतुसंसर्ग, किंवा दात्याच्या पेशींनी आतड्यावर केलेला हल्ला, म्हणजे जीव्हीएचडी. उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. जीव्हीएचडीसाठी दिलेली स्टेरॉइड्स संसर्गाला मोकळे रान देतात. प्लेटलेट कमी असताना दुर्बिणीतून तपासणीसाठी आतड्याचा तुकडा काढला तर रक्तस्रावाची भीती असते. सीटीसाठी रुग्णाला विलगीकरण कक्षाबाहेर न्यावे लागते, शिवाय सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने शिणलेल्या मूत्रपिंडांना कॉन्ट्रास्ट सोसावे लागते. सोनोग्राफीचे यंत्र मात्र खाटेपाशी आणता येते आणि तपासणी हवी तितक्यांदा करता येते. तिचे खरे बळ या पुनरावृत्तीत आहे.

निरोगी आतड्याची भिंत साधारण 2 ते 3 मिमी जाड असते आणि चांगल्या प्रोबखाली तिचे थर वेगळे दिसतात. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना ताप, पोटदुखी आणि 4 मिमीपेक्षा जाड भिंत एकत्र आढळली, तर न्यूट्रोपेनिक एन्टेरोकोलायटिसचा संशय बळावतो. हा आजार बहुधा उंडुकात दिसतो. इटलीतील कार्टोनी आणि सहकाऱ्यांनी 2001 साली ल्युकेमियाच्या रुग्णांविषयी प्रसिद्ध केलेले आकडे धडकी भरवणारे आहेत: अशा आजारात भिंत 10 मिमीपेक्षा जाड असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण 60 टक्के, तर त्याहून कमी जाडी असलेल्यांत 4.2 टक्के.

जीव्हीएचडी बहुधा नव्या पेशी रुजल्यावर डोके वर काढतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठे आतडे लांबवर सुजते, आत पाणी साचते, डॉप्लरवर भिंतीतला रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. तरीही जाडी कारण सांगत नाही. सायटोमेगॅलो विषाणूनेही भिंत अशीच सुजते. उलट सौम्य जीव्हीएचडीत ती अगदी नेहमीसारखी असू शकते. म्हणून सोनोग्राफी स्वच्छ निघाली तरी जीव्हीएचडी नाही असे म्हणता येत नाही, आणि तुकड्याची तपासणी टळत नाही. भिंतीत वायूचे चकाकते ठिपके दिसले, तर सीटीचा निर्णय लांबवू नये.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 मध्ये देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. आज सोनोग्राफीचे यंत्र जवळपास सर्वच प्रत्यारोपण केंद्रांत आहे. गर्भलिंगनिदानविरोधी नियमही नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी, फिरते यंत्र वापरू देतात. अहवालात मात्र ‘भिंत जाड’ एवढेच लिहून भागत नाही. कुठला भाग, किती मिमी, थर दिसतात का, मागच्या वेळेपेक्षा फरक काय, हे लिहिलेले असेल तरच दुसऱ्या दिवशीची तपासणी आदल्या दिवसाशी ताडून पाहता येते.